सांध्यातले प्लास्टिक : दबले किती, झिजले किती?

होस्टेलमधल्या कोणाचीही जुनी स्लीपर उलटी करून बघा. टाचेखाली ती पातळ झालेली दिसेल. त्यातला काही भाग रस्त्यावर घासून गेला. काही मात्र कुठेच गेला नाही, नुसता दबला. पहिल्याला झीज म्हणायचे, दुसऱ्याला क्रीप. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात हेच घडते, फक्त तिथे हा फरक ओळखण्यावर पेशंटचे पुढचे ऑपरेशन अवलंबून असते.

इंग्लंडचे सर्जन जॉन चार्नली यांनी आधी सांध्याची वाटी टेफ्लॉनची केली. घर्षण कमी, पण झीज एवढी की थोड्याच वर्षांत वाट्या निकामी झाल्या. १९६२ पासून त्यांनी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिइथिलीन वापरले. झिजून निघालेले त्याचे बारीक कण शरीरातल्या पेशी गिळतात, त्यातून दाह होतो, भोवतालचे हाड विरघळते आणि सांधा सैल होतो. क्रीपमधून कण निघतच नाहीत.

आता मॉडेलकडे वळू. झिजेसाठी आर्चर्डचा नियम : झिजलेले आकारमान = झीज-गुणांक × भार × घसरलेले अंतर. समजा गोळा २८ मिमीचा, सरासरी भार १००० न्यूटन, वर्षाला १० लाख पावले आणि दर पावलाला २० मिमी घसरण, म्हणजे वर्षाला २० किलोमीटर. गुणांक २ × १०⁻⁶ घन मिमी प्रति न्यूटन-मीटर धरला तर वर्षाला ४० घन मिमी झीज येते. गोळ्याच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे ६१६ चौ. मिमीने भागले की खोली निघते सुमारे ०.०६५ मिमी. गंमत अशी, की गोळा मोठा घेतला तर खोली कमी दिसते, पण घसरण वाढल्यामुळे कण मात्र जास्त निघतात!

क्रीपचे गणित वेगळे. तो साधारण काळाच्या लॉगरिदमप्रमाणे वाढतो. पहिल्या ते दहाव्या दिवसात जेवढा, तेवढाच पुढे दहाव्या ते शंभराव्या दिवसात. म्हणून सुरुवातीला जोरात, मग जवळजवळ थांबलेला. झीज मात्र दर पावलागणिक चालूच.

एक्स-रेमध्ये दोन्हींची बेरीजच दिसते. समजा दुसऱ्या वर्षी गोळा ०.२५ मिमी आत गेला, पाचव्या वर्षी ०.४० मिमी. दुसऱ्या वर्षीच सरळ भागाकार केला तर वर्षाला ०.१२५ मिमी येतात. हाड विरघळण्याचा धोका वाढतो ती साधारण मर्यादा ०.१ मिमी मानतात, म्हणजे घाबरायलाच हवे! पण दोन बिंदूंतून रेषा काढा. उतार ०.०५ मिमी, ही खरी झीज. शून्य वर्षाला रेषा ०.१५ मिमीवर छेदते, तो क्रीप.

एफईएम करताना मी हे दोन्ही वेगळे ठेवतो : प्रत्येक नोडवर दाब आणि घसरण यांवरून झीज, ताण आणि काळ यांवरून क्रीप, मग वाटीचा आकार बदलायचा आणि पुन्हा सोडवायचे. कारण आकार बदलला की दाबही बदलतो.

एक इशारा. झीज-गुणांक हा स्थिरांक नाही. एकाच दिशेने घासले तर पॉलिइथिलीनचे रेणू त्या दिशेला रांगेत बसतात आणि झीज फार कमी होते. आडवे घासले की तेच पटकन सुटतात. चालताना खुबा दोन्ही करतो. त्यामुळे सरळ रेषेत पिन घासून काढलेला गुणांक मॉडेलमध्ये घातला, तर स्क्रीनवर रंग सुंदर येतील, व्हायवाही निघून जाईल, पण पेशंटचा सांधा त्या उत्तराप्रमाणे टिकणार नाही.