व्हेरिएबल : नाव लावलेला डबा

अक्कलकोटला स्वामी समर्थांच्या दर्शनासाठी बाहेरगावचे लोक बाराही महिने येतात. समजा, त्यांपैकी एकाने बाजारातून सोलापुरी चादर नेली आणि गावी गेल्यावर आणखी तीन मागवल्या. आता भाव, नग व पार्सलचे भाडे यांचा हिशेब त्याला आपल्या वेबपानावर आपोआप दिसावा, तर काय करावे? त्याची पहिली पायरी म्हणजे व्हेरिएबल. शाळेच्या बीजगणितात त्यालाच आपण ‘चल’ म्हणत होतो.

यासाठी आम्ही जावास्क्रिप्ट ही भाषा घेतली आहे. ब्रेंडन आइक यांनी ती १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार केली. ती ब्राउझरमध्येच चालते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. संगणकावर क्रोम उघडून एफ-१२ ही कळ दाबावी आणि ‘कन्सोल’ निवडावे. तेथे पुढील ओळी लिहाव्यात :

लेट भाव = ४५०;
लेट नग = ३;
लेट एकूण = भाव * नग;

येथे सर्व देवनागरीत छापले आहे. संगणकावर मात्र ‘लेट’ हा शब्द आणि आकडे इंग्रजीतच टाकावेत. नावे मराठीत चालतात.

दुकानात डब्यावर चिठ्ठी लावतो, तसे ‘भाव’ हे नाव आणि ४५० हा आतला माल. = या चिन्हाचा अर्थ ‘बरोबर’ नव्हे, तर ‘उजवीकडचे डावीकडच्या डब्यात ठेव’ असा आहे. ‘एकूण’ मध्ये १३५० जमा होतात. उद्या भाव ५०० झाला, तर ‘लेट’ न लावता भाव = ५००; एवढेच लिहावे. पण ‘एकूण’ आपोआप बदलत नाही, गुणाकाराची ओळ पुन्हा द्यावी लागते.

नावात मोकळी जागा नसावी, सुरुवात आकड्याने नसावी. ऱ्हस्व-दीर्घही सांभाळावे. ‘एकूण’ आणि ‘एकुण’ हे संगणकाला दोन वेगळे डबे वाटतात.

आता खरा धोका. गिऱ्हाइकाने वेबपानावरील चौकटीत भरलेला आकडा संगणकाला मजकूर म्हणून मिळतो. अवतरणचिन्हांत लिहिलेलेही मजकूरच. म्हणून :

लेट भाडे = "५०";
एकूण + भाडे

याचे उत्तर १४०० येत नाही, १३५०५० येते! दोन्ही एकमेकांना नुसते चिकटतात. एवढी चूक डोळ्यांत भरते, पण ९ आणि ५ यांचे ९५ झाले तर कोणाच्या लक्षात येणार? गुणाकारात ही चूक दिसत नाही, कारण तेथे भाषा मजकुराचा आकडा स्वतः करून घेते. त्यामुळे नवशिके हमखास फसतात. उपाय सोपा आहे :

एकूण + नंबर(भाडे)

‘नंबर’ चे पहिले इंग्रजी अक्षर मोठे हवे. आता १४०० मिळतील.

जास्त घेतले तर गिऱ्हाईक तुटते, कमी घेतले तर पदरचे जातात. म्हणून बेरजेपूर्वी डब्यात आकडा आहे की मजकूर, हे पाहावे आणि पहिली चार बिले हाताने ताडून घ्यावीत.