भेकाच्या पाण्यात तुरटी नको

प्रश्न : मुलाने अंगणातला भेक काचेच्या टाकीत ठेवलाय. तुरटी फिरवलेल्या पाण्याने निम्मी टाकी भरते, तरी वास येतो. काय करू?
– एक वाचक, बुऱ्हाणपूर

उत्तर : ताई, घाबरू नका, फक्त तुरटी थांबवा. तिने गाळ बसतो, लघवीतला अमोनिया जात नाही. भेक पाणी कातडीतून शोषतो, म्हणजे पाण्यातलं बरंच काही थेट त्याच्या अंगात जातं. त्यात तो राहणारा जमिनीवरचा. निम्मी टाकी पाणी हवंय कशाला? ओलसर माती घाला, उथळ थाळीत पोट भिजेल इतकंच पाणी ठेवा आणि ते रोज बदला. नळाचं पाणी 24 तास उघड्या बादलीत ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडतं. कुंडी भंडारा या जुन्या भुयारी पाणीयोजनेच्या तुमच्या बुऱ्हाणपुरात पाणी चुनखडीचं, तेव्हा थाळीवर चुन्याचा पांढरा थर बसणारच. तो नुसत्या ब्रशने घासा. साबण, फिनाईल नको. भेकाच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींत विष असतं, म्हणून हाताळल्यावर मुलाला हात धुवायला लावा. खरं तर पावसाळ्यातच त्याला अंगणात परत सोडलेलं उत्तम.