आजची तुकडी

पंचवटी, नाशिक

चि. अनघास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नोकरी बरी आहे, पगार वेळेवर होतो, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की दिवस कशापायी गेला ते सांगता येत नाही, असं लिहिलंयस. आयुष्याचा हेतू एकदा सापडला की दिवस आपोआप मार्गी लागतील, असं तुला वाटतं. मला हा क्रमच उलटा वाटतो. हेतूंची टंचाई कुणालाच नसते. कुणालाही विचार, दहा सांगेल. त्या हेतूपोटी आज कुठे, किती वाजता, काय करायचं, हे विचारलं की मात्र माणूस गप्प होतो.

असल्या उपदेशासाठी आम्ही नाशिककर लगेच टाकळीकडे बोट दाखवतो. समर्थ रामदासांनी तिथे बारा वर्षं नदीत उभं राहून जप केला आणि पंचवटीत माधुकरी मागितली, अशी परंपरा आहे. पण संसारच न मांडलेल्या माणसाचा दाखला घरभाडं भरणाऱ्या मुलीला देणं मला पटत नाही. त्यापेक्षा काळाराम मंदिराचे दरवाजे बघ.

अस्पृश्य मानलेल्यांना आत प्रवेश मिळावा म्हणून 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक या मंदिरावर आली आणि दरवाजे बंद झाले. शाळेच्या पुस्तकात येतो तो हा दिवस. मला दुसरा दिवस जास्त मोलाचा वाटतो. 125 पुरुष आणि 25 बायकांची पहिली तुकडी चारही दरवाज्यांवर जाऊन बसली. दार उघडलं तर आत जायचं, नाही उघडलं तर बसून राहायचं, एवढंच काम. डोक्यावर मार्चचं ऊन, समोर बंद दार. तुकडी बसवायची म्हणजे मागे काय काय येतं ते मनात आण: उद्या कोण बसणार, कुठल्या गावाहून येणार, रात्री उतरणार कुठे, भाकरीचं काय, कुणाला पोलिसांनी धरलं तर घरी बघणार कोण. सत्याग्रह समितीचे सचिव होते भाऊराव गायकवाड, पुढे सगळ्यांचे दादासाहेब. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, वय तेव्हा 27. एप्रिलमध्ये रामनवमीच्या रथावरून मारामारी झाली. ऑक्टोबरात बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. इथला गाडा इथल्यांनीच ओढला, कधी थांबत, कधी पुन्हा जुंपत. समतेचा हेतू त्यांच्याकडे आधीपासून होताच, पण हेतूला दरवाज्यावर बसवता येत नाही. माणसं बसवावी लागतात, आणि तीही ठरल्या दिवशी.

तू म्हणशील, त्यांच्यापुढे एवढा मोठा अन्याय होता, माझ्यापुढे एक्सेलचे तक्ते आहेत. खरं आहे, आणि दोन्हींची बरोबरी मी करणार नाही. पण त्या लढ्यातलं रोजचं कामही निरोप धाडण्याचं, वर्गणीचा हिशेब ठेवण्याचंच असणार. मोठेपणा आपल्याला दिसतो तो नव्वदहून अधिक वर्षांनी. तुझा तक्ता शेवटी कुणाच्या उपयोगी पडतो, हे एकदा शोधून काढ. कुणाच्याच पडत नसेल तर तेही कळलेलं बरं.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: दार तर उघडलंच नाही. मग ते दिवस फुकट गेले का? 3 मार्च 1934 ला, म्हणजे चार वर्षं आणि एका दिवसाने, आंबेडकरांनी गायकवाडांना सत्याग्रह थांबवण्याविषयी पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून ही चळवळ उभारलीच नव्हती. त्यांच्यात चैतन्य यावं, आपली स्थिती त्यांना कळावी, यासाठी होती. ते साधलं, आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. चार वर्षं ज्या दारासाठी झगडलो ते दार सोडून द्यायला काय लागत असेल! बहुतेक माणसं हट्टाने तिथेच बसून राहतात आणि त्या हट्टालाच निष्ठा म्हणतात. गायकवाड उठले. पुढे 1957 मध्ये नाशिकमधून लोकसभेत गेले आणि 1964 मध्ये भूमिहीनांच्या देशभरच्या सत्याग्रहाचं नेतृत्व त्यांनीच केलं. माणसं जमवायची, पाळ्या लावायच्या, तुरुंगाची तयारी ठेवायची, हे सगळं तेव्हाही लागलंच. मागणी मात्र आता जमिनीची होती. म्हणून मी तुला रोज काय करायचं ते ठरव म्हणतो, आणि ते अजून कशाच्या कामी येतंय हे मधूनमधून तपास, असंही म्हणतो. नुसती शिस्त लावून घेशील तर दिवस भरतील, पण तुझी आजची तक्रार तशीच राहील.

असं जगलं तर जीव गुदमरेल, विसावा कधी, असंही तुझ्या मनात येईल. अगं, तुकडी म्हणजेच पाळी. सगळ्यांनी सगळा वेळ बसायचं असतं तर तुकड्या पाडल्याच कशाला असत्या? पाळी संपली की खुशाल लोळ, सिनेमा बघ. फक्त पाळी कधी सुरू होते आणि कधी संपते ते आधी ठरलेलं असू दे.

पुढच्या पत्रात आयुष्याचं काय करणार ते लिहू नकोस. गुरुवारी काय केलंस, कुणासाठी केलंस आणि त्यातलं पुढच्या गुरुवारी काय गाळणार, एवढंच कळव. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा