चालू काम न थांबवता नवे अ‍ॅप कसे चढवावे?

पिंपळनेरच्या कांदा व्यापाऱ्याचा हिशेब मोबाईल अ‍ॅपवर असला, तरी तो चालविणारा संगणक दूर, मुंबईत किंवा परदेशातही असू शकतो. अ‍ॅमेझॉनने मुंबईत आपले क्लाऊड केंद्र २०१६ साली सुरू केले. भाड्याच्या अशा संगणकावर अ‍ॅपची नवी आवृत्ती चढविणे म्हणजेच डिप्लॉयमेंट होय.

गूगलने २०१४ साली सर्वांना खुल्या केलेल्या कुबरनेटिस प्रणालीत हे काम ‘क्यूब कंट्रोल’ या साधनाने, हुकूम टाईप करून होते. आमच्या तरुणांनी तीन हुकूम आधी शिकावेत. ‘अप्लाय’ नवी आवृत्ती चढवितो. ‘रोलआऊट स्टेटस’ काम कोठवर आले ते सांगतो. ‘रोलआऊट अंडू’ मागची आवृत्ती परत आणतो. जुन्या प्रती थोड्या थोड्या उतरतात व नव्या चढतात, म्हणून काम सहसा थांबत नाही. वेगळे सांगितले नसल्यास मागील १० आवृत्त्यांची नोंद राहते.

मात्र ध्यानात ठेवावे, ‘अंडू’ने अ‍ॅप मागे जाते, डेटाबेस नव्हे. नव्या अ‍ॅपने उधारीचे आकडे चुकीचे लिहिले, तर ते तसेच राहतात. म्हणून आधी डेटाबेसची प्रत काढावी आणि बाजाराच्या दिवशी नवी आवृत्ती चढवू नये, असे आम्ही सुचवितो.