व्हिएतनामी दुकानातील मूर्ती : बुद्ध कोणता आणि लाभाचा देव कोणता?



मूर्तीच्या दुकानात धम्माचा अभ्यास होऊ शकतो काय? व्हिएतनामची राजधानी हनोई येथील जुन्या पेठेत हांग क्वात नावाची गल्ली आहे. नावाचा अर्थ पंख्यांची गल्ली. पूर्वी तेथे हातपंखे विकत. आता लाल-सोनेरी देव्हारे, उदबत्तीची पात्रे, पठणाच्या वेळी ठोकण्याचा लाकडी मासा आणि लहानमोठ्या मूर्ती विकतात. मासा डोळे मिटत नाही, म्हणून तो जागृतीची खूण. अशा दुकानात जे मांडलेले असते ते सगळेच बौद्ध नसते. ते ओळखावे कसे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम एक शब्द. भाजी विकत घेतात, खुर्ची विकत घेतात. पण व्हिएतनामी श्रद्धावान माणूस 'बुद्धमूर्ती विकत घेतली' असे म्हणत नाही. त्यासाठी 'थिन्' हे वेगळे क्रियापद आहे. आदराने निमंत्रण देऊन आणणे असा त्याचा अर्थ. (पैसे मोजावे लागतात ते लागतातच!) मूर्ती आणल्यावर भिक्खूंच्या हस्ते नेत्र उघडण्याचा विधी करतात, तोपर्यंत ती दुकानातली वस्तू मानली जाते. त्या लोकांच्या श्रद्धेचा आदर राखूनही आपण हे स्पष्ट म्हटले पाहिजे की, मूर्तीत प्राण घालण्याची कल्पना आपल्याला नको. मूर्ती पाहून तथागतांच्या शिकवणुकीचे स्मरण झाले, की तिचे काम झाले.

लाकडी मूर्ती बहुधा हनोईजवळच्या सोन डोंग गावात कोरलेल्या असतात. लाकूड कोणते? फणसाचे! कोकणातल्या वाचकांना याचे कौतुक वाटेल. चिनी लिपीत फणसाचे नाव आणि 'पारमिता' हा शब्द एकाच अक्षरांनी लिहितात, हा योगायोगही मोठा मजेदार आहे. कोरलेल्या लाकडावर लाखेचे थरावर थर देऊन वर सोन्याचा वर्ख चढवतात. हा वर्ख कियू की गावात हातोडीने ठोकून तयार होतो. पावणेचार ग्रॅम सोन्यातून ९८० पाने निघतात. स्वस्त मूर्तीला चांदीचा वर्ख लावून वर असे रोगण देतात की ती सोन्याचीच दिसते.

आता मुख्य मुद्दा. व्हिएतनाममध्ये पुष्कळ दुकानांत, मग ते कापडाचे असो की खानावळ, दाराकडे तोंड करून जमिनीवरच एक छोटा देव्हारा असतो. त्यात दोघे बसलेले असतात. एक थान ताय, म्हणजे धनाचा देव. दुसरा ओंग दिया, म्हणजे जागेचा राखणदार. ओंग दिया ढेरपोट्या, हसरा, हातात पंखा घेतलेला. यांचा बुद्धाशी काही संबंध नाही. ते गिऱ्हाईक आणि गल्ला यांचे देव आहेत.

याच देव्हाऱ्याच्या माथ्यावर पुष्कळदा आणखी एक ढेरपोट्या हसरा बसवलेला असतो. त्याला झी लाक म्हणतात. झी लाक म्हणजे मैत्रेय, भावी बुद्ध. पण हे रूप आले कोठून? दहाव्या शतकाच्या आरंभी चीनमध्ये खांद्यावर कापडी झोळी घेऊन हिंडणारा एक भिक्खू होता. झोळीवरूनच त्याचे बुदाई हे नाव पडले आणि पुढे लोक त्याला मैत्रेयाचे रूप मानू लागले. आपल्याकडे शोकेसमध्ये ठेवतात तो 'लाफिंग बुद्धा' हाच. तो शाक्यमुनी गौतम बुद्ध नव्हे. त्याचे पोट चोळले की पैसा येतो, असे सांगणारा दुकानदार धम्म विकत नसून तोडगा विकत असतो. बाबासाहेबांनी ज्या तोडग्यांतून आपल्याला सोडवले, ते बुद्धाच्या नावाने पुन्हा घरात येऊ द्यायचे काय?

तरीही या मूर्तीचा एक प्रकार अभ्यासण्याजोगा आहे. त्यात झी लाकच्या अंगावर सहा पोरे चढलेली असतात. कोणी कान ओढतो, कोणी नाकात बोट घालतो. ही सहा पोरे म्हणजे सहा चोर : डोळा, कान, नाक, जीभ, काया आणि मन. त्यांची ओढाताण चालू असताना हा मनुष्य हसतो आहे, ढळत नाही. षडायतनाचा धडाच तो! पण गिऱ्हाईक मात्र 'घरात पोरेबाळे होवोत' म्हणून ती मूर्ती नेतो.

क्वान अम हिचेही तसेच झाले आहे. क्वान अम म्हणजे आपला अवलोकितेश्वर. कान्हेरीला, औरंगाबादच्या लेण्यांत तो पुरुषरूपात आहे; चीन-व्हिएतनामात स्त्रीरूप झाला. मांडीवर मूल घेतलेली क्वान अम पुत्रप्राप्तीसाठी नेतात. तिच्याशी जोडलेली थी किन् या स्त्रीची लोककथा मात्र वेगळेच सांगते. नवऱ्याच्या हनुवटीवरचा एक केस कापायला तिने सुरी घेतली, तर खुनाचा आळ आला. घराबाहेर काढलेली ती पुरुषवेशात विहारात भिक्खू झाली. तेथे एका मुलीने आपल्या पोटातले मूल याच भिक्खूचे आहे असा आरोप केला. मी स्त्री आहे, एवढे एकच वाक्य बोलली असती तर ती सुटली असती. ती बोलली नाही. टाकून दिलेले ते मूल तिने दारोदार दूध मागून वाढवले, आणि सत्य कळले ते तिच्या मृत्यूनंतर. आळ सोसलेल्या आपल्या आयाबहिणींना ही कथा समजावून सांगावी लागणार नाही. पण पुत्रप्राप्तीच्या नवसात ती हरवते, याचे वाईट वाटते.

शेवटी एक कापडी वस्तू. ती शोभेची वाटते, म्हणून नजर तिच्यावर ठरत नाही. ती म्हणजे पंचरंगी धम्मध्वज. तो १८८५ साली सिलोनमध्ये तयार झाला. १९५० साली तेथेच जागतिक बौद्ध परिषद भरली. बाबासाहेब त्या परिषदेस उपस्थित होते आणि व्हिएतनामातून भिक्खू थिच तो लिएन आले होते. परतताना त्यांनी हा ध्वज मायदेशी नेला. पुढे ८ मे १९६३ रोजी, वैशाख पौर्णिमेला, ह्यू शहरात हाच ध्वज लावण्यास दक्षिण व्हिएतनाम सरकारने बंदी केली. काही दिवस आधी कॅथॉलिक समारंभात पोपचे झेंडे मात्र मोकळेपणी फडकले होते. जमलेल्या निःशस्त्र बौद्धांवर बळाचा वापर झाला, त्यात मुलेही मेली. ११ जून रोजी सायगावच्या चौकात भिक्खू थिच क्वांग डुक यांनी स्वतःला जाळून घेतले.

आपल्या विहारावर असतो तो हाच ध्वज. दुकानात तो वर्ख लावलेल्या कुठल्याही मूर्तीपेक्षा स्वस्त मिळतो.