भिरभिरणारे रेणू आणि लेसरचा प्रकाश

हवेतला नायट्रोजनचा प्रत्येक रेणू सतत गरगर फिरत असतो. एका फेरीला साधारण १ पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग लागतो. अशा रेणूंना एका दिशेत उभे कसे करायचे, ते या पाठात पाहू.

नायट्रोजनचा रेणू लांबट असतो. विद्युत क्षेत्रात त्यातले इलेक्ट्रॉन लांबीच्या दिशेने अधिक सहज सरकतात. लेसर प्रकाश म्हणजे डोलणारे विद्युत क्षेत्रच. तो पुरेसा तीव्र असेल तर रेणूला त्या क्षेत्राच्या दिशेकडे वळवतो. क्षेत्राची दिशा उलटली की सरकलेले इलेक्ट्रॉनही उलट बाजूला जातात, म्हणून रेणूवरचा पीळ तसाच राहतो. ही कल्पना फ्रिडरिख आणि हर्षबाख यांनी १९९५ साली गणिताने मांडली.

आता लेसरचा अगदी अल्पकाळ टिकणारा झोत सोडला तर? रेणूंना एकदम हिसका बसतो, क्षणभर ते एका रेषेत येतात आणि लगेच विखुरतात. पण सुमारे ८.४ पिकोसेकंदांनी, लेसर बंद असतानाही, ते पुन्हा रांगेत येतात! आयोडीनच्या रेणूंची अशी पुनर्भेट २००१ साली अॅमस्टरडॅमच्या प्रयोगात दिसली.

हे का घडते? शाळेच्या मैदानावर तीन मुले गोल धावत आहेत असे समजा. मिनिटाला एक १, दुसरा २ आणि तिसरा ३ फेऱ्या घेतो. मध्ये ते पांगतात, पण मिनिट संपताच तिघेही आरंभरेषेवर असतात. रेणूलाही वाटेल त्या वेगाने फिरता येत नाही. पुंजयामिकीच्या नियमाने त्याचे वेग पायऱ्यापायऱ्यांचे असतात आणि त्यांच्यात पूर्णांकांचे नाते असते. वेग कसेही असते, तर रेणू एकदा पांगले की पुन्हा जुळले नसते. पुस्तकातला हा नियम इथे प्रत्यक्ष दिसतो.

उपयोग काय? फिरणाऱ्या पंख्याच्या छायाचित्रात पाती पुसट दिसतात, रेणूंचेही तसेच. रांगेत आलेल्या नायट्रोजनच्या रेणूंवरून २००४ साली कॅनडातील ओटावा येथील शास्त्रज्ञांनी त्यातील बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या कक्षकाचे चित्र तयार केले.

स्वाध्याय : मैदानावर चौथा मुलगा आला. तो मिनिटाला √२ फेऱ्या घेतो. चौघेही एकाच वेळी आरंभरेषेवर पुन्हा कधी येतील? उत्तर कारणासह वहीत लिहा आणि घरी आई-बाबांनाही समजावून सांगा.