चित्र सुचते कोठून?

मकबूल फिदा हुसेन हे फार मोठे चित्रकार होऊन गेले. त्यांचा जन्म १९१५ साली पंढरपूरला झाला. ते तान्हे असतानाच आई वारली. पुढे ते इंदूरला वाढले. आजोबा कंदील दुरुस्त करीत. नातू जवळ बसून बघे.

तरुणपणी हुसेन मुंबईला आले. पोटासाठी सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवू लागले. चौरस फुटामागे काही आणे मिळत. १९४१ साली लग्न झाले. मग लाकडी सामान बनवणाऱ्यांकडे काम धरले. लहान मुलांची खेळणी, टेबलं, खुर्च्या यांचे नमुने ते काढून देत.

हे काम काही हलके नव्हे. त्याने हात तयार झाला. पण तिथे काय काढायचे ते मालक सांगतो. आपले स्वतःचे चित्र काढताना कोण सांगणार? कागद पुढे असतो, रंग कालवलेला असतो, आणि मन कोरडे! पुष्कळांचे घोडे इथेच अडते.

हुसेन यांनी १९४८ साली दिल्लीत जुन्या भारतीय कलेचे प्रदर्शन पाहिले. मथुरेच्या मूर्ती पाहिल्या, पहाडी चित्रे पाहिली. त्यांना वाट सापडली. आपले धन आपल्याच घरी आहे! मग बैल, गाडीचे चाक, घोडा, आजोबांचा कंदील हे सारे त्यांच्या चित्रांत आले. खेळण्यांचे ठसठशीत आकारही आले. खेड्यातल्या जीवनावर त्यांनी 'जमीन' नावाचे लांबलचक चित्र काढले. १९५५ साली त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आईचा चेहरा मात्र त्यांना कधीच आठवला नाही. त्यांच्या कितीतरी चित्रांतल्या बायांना नाक-डोळे नाहीत. त्याचे कारण हेच, असे जाणकार सांगतात. म्हणजे पाहा, जे हरवले त्यातूनही चित्र सुचते.

पुढे काही चित्रांवरून वाद झाले, खटले झाले. २००६ साली त्यांनी देश सोडला. २०११ साली लंडनला ते वारले. पण कंदील आणि घोडे शेवटपर्यंत त्यांच्या सोबत होते.

हुसेन यांनी जलरंगातही चित्रे काढली. जलरंगाला खर्च थोडा. कागद, कुंचला, चार रंग आणि वाटीभर पाणी, एवढे पुरे. एक गोष्ट ध्यानात ठेवा. उजेड दाखवायचा तिथे कागद कोराच सोडावा. रंग आधी फिका द्यावा, वाळू द्यावा, मग गडद द्यावा. एकदा गडद झालेला रंग सहसा निघत नाही.

आपल्या विष्णुपुरीला काय कमी आहे? गोदामाई आहे, धरणाचे पाणी आहे, काळेश्वराचे देऊळ आहे. घरात चूल आहे, दारात बैल आहे. सुतार असो, शिंपी असो, पाट्या रंगवणारा असो, त्याचा हात तयारच आहे. आता डोळे उघडून आपले अंगण पाहावे.

प्रश्न
१. हुसेन यांचे आजोबा काय काम करीत?
२. दिल्लीत हुसेन यांना काय उमगले?
३. जलरंगात उजेड कसा दाखवतात?
४. तुमच्या घरातली कोणती वस्तू तुम्ही चित्रात काढाल? का? चार ओळी लिहा.